कोयता कुणाच्या नावावर

आमच्याकडं कोयता म्हंजी येक मानूस न्हाई. कोयता म्हंजी जोडी. नवरा ऊस तोडतो, बायकू पाचट काढती, मोळ्या बांधती, दोघं मिळून ट्रॉली भरत्यात, तव्हा येक कोयता व्हतो. आन तो लिवायचा नवऱ्याच्या नावावर. बायकूचं नाव टोळी नेनारा मुकादम लिवीत न्हाई. जोडी हाय म्हंजी बायकू असनारच, मग लिवायचं कशाला. आमालाबी त्यात काय वावगं वाटलं न्हाई. माझी सारी उमर तशीच गेली. दसरा झाला की कोयत्याला हळदकुकू लावायचं, पत्र्याची पेटी भरायची आन ट्रॅक्टरमधी बसायचं. कव्हा सांगली, कव्हा कोल्हापूर, कव्हा कर्नाटक. गुढीपाडव्याच्या आसपास माघारी यायचं.

आमचं गाव केज तालुक्यातलं, नेकनूर सोडून पुढं आलं की आत वळायचं. जमीन हाय म्हनायला, पन मुरमाड. वरचं पानी आलं तर बाजरी, न्हाई तर कुसळं. म्हनून आमच्या गल्लीत दसऱ्यानंतर म्हातारी मानसं आन कुत्री येवढंच राहतं.

माझे मालक गेले ते खोकल्यानं. त्याच्या आदल्या सालीच जावई मोटारसायकलवरनं पडून गेल्याला. लेक रांगती पोरगी घिऊन माझ्या दारात आली. दोघी रांडमुंड बायका, येक लेकरू आन येक कुडाचं घर. दसऱ्याच्या आधी मुकादम आला. आमच्याच गावचा हाय तो, माझ्या डोळ्यादेखत वाढल्याला. दारात उकिडवा बसला आन म्हनला, "काकू, दोन बायकांचा कोयता न्यायचा कसा? लिवू कुणाच्या नावावर?"

लेक भांडी घाशीत व्हती. तितूनच बोलली, "लिवा की कुणाच्याबी. ऊस काय नाव बगून आडवा पडतो का?"

मुकादम हासला. "काकांचं नाव हायच माझ्याकडं. तेच ठिवतो मग. कारखान्यालाबी तेच ठावं हाय."

तर असा आमचा मायलेकीचा कोयता मालकाच्या नावावर गेला. मालक मातीत, आन नाव उसाच्या फडात. कारखान्याच्या काट्यावर गाडी मोजली की पावती यायची ती मालकाच्या नावाची. लेक चौथी शिकल्याली, तिला वाचाया येत व्हतं. पावती बगून म्हनायची, "आई, आबा आजबी कामाला आलते." मी म्हनायची, "तुझ्या आबाला मरूनबी सुट्टी न्हाई." मंग दोघी हासायचो. पाचटाच्या खोपटात, आमच्या कोपीत, येवढंच हासनं व्हतं.

लेकीचा हात लई चलाख. मोळी समदेच बांधत्यात, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या वाढ्याला पीळ घालून. पन त्याचं टोक भाईर राहतं, आन मोळी डोक्यावर घेतली की मानंला टोचतं, रगत काढतं. लेकीनं येगळीच रीत काढली व्हती. दोन वाढी येकात येक पिळायची आन टोक खालच्या अंगानं आत खवायची. मोळी हालायची न्हाई आन मानंला लागायचं न्हाई. मी म्हनायची, "कावून येळ घालवतीस, गाडीत टाकल्यावर कोन बगतंय." ती म्हनायची, "मान माझी हाय ना."

ती गेली ते थंडीच्या दिवसांत. पहाटंचं दंव पडल्यालं. ट्रॉलीला फळी लावल्याली असती, डोक्यावर मोळी घिऊन त्या फळीवरनं वर चढायचं, वर मोळी टाकायची, पुना खाली. जन्मभर हेच केलं समद्यांनी. मी खालून मोळी उचलून देत व्हते. ती वर गेली, निम्म्यात पाय सरकला. ती खाली आली आन मोळी तिच्यावर.

दवाखान्यात नेली जीपमधी. डोळं उघडं व्हतं पन वळखत नव्हती. दवाखान्यातल्या मानसानं मुकादमाला इचारलं, ही तुमची कामगार का. मुकादम म्हनला, "तिचं नाव माझ्याकडं न्हाई साहेब. कोयता तिच्या बापाचा हाय." मी तिथंच बाकावर व्हते, लेकीचं डोकं माझ्या मांडीवर. तो खोटं बोलला असं म्हनता येत न्हाई. लिवल्यालं तसंच व्हतं. मी तिच्या कपाळाला लागल्यालं पाचट काढीत राहिले.

त्यानंतर दोन सालं मी तोडीला गेले न्हाई. गुडघं गेल्याले. दुसऱ्याच्या रानात खुरपाय जायची, नातीला शाळंत धाडायची. नात आईवानीच तोंडाळ. गावात शाळा सातवीपस्तोर. तिची सातवी संपत आली आन माझ्या घरी मानसं याया लागली.

आमच्यात पोरगी येवढी झाली की तिला कुठं ठिवायची हा घोर असतो. तोडीला न्यावी तर फडात समद्यांची नजर. घरी ठिवावी तर कुनाच्या भरवशावर. मंग लगीन लावून देत्यात, नवा कोयता तयार व्हतो. मुकादमाला जोडी पायजे, पोराच्या आईबापाला सून पायजे, समद्यांचं भागतं. माझा धाकटा दीर असंच येक ठिकान घिऊन आला.

"वैनी, पोरगं निर्व्यसनी हाय. आई थकली म्हनून कोयता मोडलाय त्याचा. दसऱ्याच्या आत उरकून टाकू."

मी म्हनलं, "भावजी, पोरगी आजून दोरीवर उड्या मारती."

"मारू द्या की. तुमी लगनात आलतात तव्हा तुमाला लुगडं सावरत नव्हतं. आईनं काखंत धरून मांडवात आनलंतं तुमाला. काय वाईट झालं?"

दीर वाईट न्हाई. भावाच्या माघारी दारात येऊन उभा राहनारा त्योच येक. पन काय वाईट झालं असं त्यानं इचारलं तव्हा मला भाकर उलटायचं सुधरलं न्हाई. नात दाराच्या आड उभी व्हती. तिनं समदं आयकलं. दीर गेल्यावर येवढंच म्हनली, "आजी, मी आठवीला कुठं जानार?"

दुसऱ्या दिशी मी शाळंत गेले. शाळंतल्या बाई भल्या हायेत. त्या म्हनल्या, तोडकऱ्यांच्या पोरींसाठी वसतिगृह हाय. ऱ्हानं, खानं, शाळा, समदं तिथंच. पन तोडकऱ्यांची नावं सरकारच्या साईटवर असली तरच पोरीचं नाव लागतं. "तुमच्या गल्लीतल्या बाकी पोरींची नावं दिसायलीत. तुमच्या नातीचं कुठंच न्हाई. तालुक्याला जाऊन बगा. नावं तिथंच चढवत्यात."

मी केजला गेले यस्टीनं. कचेरीत बाकड्यावर बायका बसल्याल्या. येक म्हनली, "काय आजे, या वयात नोकरी लागती काय?" मी म्हनलं, "लागली तर तुलाबी घेते हाताखाली." तेवढाच येळ गेला.

नावं चढवायला येक पोरगी व्हती. कम्पुटरवर बसल्याली, पंजाबी डिरेस, हातात हिरव्या बांगड्या, नवंच लगीन झालं आसंल. तिनं माझं गाव इचारलं, मुकादम कोन ते इचारलं, आन तोंड माझ्याकडं न करता बोलत गेली, हात चालूच. "आजी, तुमच्या मुकादमानं एक्सेलची फाईल दिली. ग्रामपंचायतीतून ती माझ्याकडं आली. मी ती साईटवर चढवली. येकदम समद्या वळी जात्यात. ज्या बसत न्हाईत त्या लाल व्हऊन भाईर पडत्यात."

तिनं टीवी माझ्याकडं वळवला. मला दिसंना, तिनं अक्षर मोठं केलं. लाल वळ. मालकाचं नाव. त्यांचं नाव मला वळखाया येतं, दुसरी शिकले मी, सहीबी येती.

"आबा मयत हायेत ना?"

"व्हय. लई दिस झाले."

"मयत मानसाची वळ साईट घेत न्हाई. म्हनून पडली ही."

मी म्हनलं, "ते बरूबर हाय त्याचं. पन ऊस आमी दोघी तोडत व्हतो. मी आन लेक. आमी कुठं हाओत?"

तिनं हात थांबवला. "तुमी फाईलमधीच न्हाईत, आजी. फाईलमधी कोयते हायेत. साईटला मानसं लागत्यात, येका वळीत येक मानूस. मुकादमानं येका वळीत येक कोयता लिवला, साईटला वाटलं येक मानूस. ज्या कोयत्याचा मालक हयात हाय त्याची वळ गेली, पोरं त्याच्या खाली गेली, चाललं. तुमच्यात मालकच न्हाई." मंग हळूच म्हनली, "माझी आईबी तोडीला जाती. तीबी न्हाई ह्यात. फाईल मीच चढवली, आन मला चढवून झाल्यावर दिसलं."

ती उठली आन मला संगं घिऊन साहेबाच्या टेबलाकडं गेली. पंखा कुरकुर करीत व्हता.

तिचा साहेब तरना पोरगा व्हता. त्याला तिनं समदं सांगितलं. तो म्हनला, फाईल पुना चढवायची तर समद्या तालुक्याची चढवावी लागंल, ते आता व्हत न्हाई. पन येक येक नाव हातानं घालता येतं. त्याला मुकादमाचं पत्र लागतं, की ह्या बाया माझ्या टोळीत व्हत्या म्हनून. "पत्र आना आजी, पाच मिन्टाचं काम हाय."

पाच मिन्टाचंच काम व्हतं. मी यस्टीत बसून तेच मनाशी म्हनत आले.

मुकादम दुकानाफुडं बसल्याला. मला बगून उठला, खुर्ची दिली, चा सांगितला. मी काय ते सांगितलं. तो म्हनला, "काकू, तुमचं नाव आत्ता लिवून देतो. त्यात काय."

"आन लेकीचं?"

तो चाकडं बगत राहिला. "ताईचं नगं."

"कावून?"

"तिचं नाव आलं की फुडचं येतं. कुठं व्हती, कशी पडली, मंग तव्हा न्हाई कावून म्हनलास. मलाबी लेकरं हायेत काकू."

मी म्हनलं, "तुझं मी काय वंगाळ करनार न्हाई. माझी लेक गेली ती गेली. ती व्हती, येवढंच लिव. तुझ्या टोळीत राबली, येवढंच."

त्यानं डोळं पुसलं. खोटं पुसलं असंबी न्हाई. तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात त्यानं. पन म्हनला, "ते सोडून बोला." आन मंग त्यानंच वाट दावली. "मागचं काय उकरूच नका, तुमचं मागचं नाव घातलं तरी संगं कोन व्हतं ते इचारत्यात. यंदाची फाईल जायला आजून येळ हाय. तुमी यंदा येत असला तर तुमच्या नावाचं पत्र देतो, तालुक्याला हातानं नवी वळ घालत्यात. नात तुमच्या खाली जाती, वसतिगृह लागतं."

"नुसतं नाव घाल. माझं गुडघं बग की."

"नुसतं चालत न्हाई आता. फडात येऊन मोबाईलवर फोटो काढत्यात. तुमी न्हाई दिसला तर वळ काढून टाकत्यात, पोरगी वसतिगृहातून भाईर. आर्धा कोयता म्हनून घेतो तुमाला. पाचट काढा, मोळ्या बांधा, सैपाकाला हात लावा. फळीवर चढायचं न्हाई."

मी चा पिले. लई गोड व्हता. कप ठिवला आन म्हनलं, "घाल."

नातीला सांगितलं तर ती म्हनली, "मी लगीन करते, तू जाऊ नको." मी तिला येक चापट दिली पाठीत. मंग दोघी जेवलो.

त्याचं पत्र घिऊन मी पुना केजला गेले. त्या पोरीनं मला लगीच वळखलं. फाईल न्हाई, येकच नाव, म्हनून तिनं साईटचं दुसरंच पान काढलं. त्यात रकाने. माझं नाव, आधार, गाव, टोळी. मंग नातीचं. नातीच्या बापाच्या रकान्यात तिनं त्याच्या मजुरीच्या जुन्या कार्डावरनं मयत, शेतमजूर असं भराभर भरलं. मंग आईचा रकाना आला.

"आई मयत. आन आईचं काम काय व्हतं, आजी?"

"तुला ठावं हाय की."

"हाय." तिनं बोट ठिवलं आन थांबली. "ऊसतोड लावलं की मुकादमाचं पत्र मागतंय. आईच्या नावाचं पत्र हाय का?"

"न्हाई."

"रिकामं ठिवून बगते." तिनं बटन दाबलं. साईट फुडं जाईना. वर लाल अक्षरं आली. "रिकामं घेत न्हाई हे." मंग तिनं मला वाचून दावलं, काय काय लावता येतं ते. नोकरी, शेती, धंदा, शेतमजूर, गृहिणी. "शेतमजूर लावलं तरी कागद मागतंय. गृहिणीला तेवढं काय लागत न्हाई."

"गृहिणी म्हंजी?"

"घरी असनारी बाई."

माझी लेक. दसऱ्यापासनं पाडव्यापस्तोर तिच्या डोक्यावर येक पाचटाची कोपी असायची, तीबी कारखान्याच्या जागंत. घर सारवलं तर परत सारवाय येईपस्तोर उंदरांनी पोखरल्यालं असायचं. चूल मांडली तर तीन दगडांवर. ती कव्हा घरी बसली ते मला आठवाया लागलं. बाळंतपनात बसली, तेबी थोडं.

पोरगी माझ्या तोंडाकडं बगत व्हती. मागं बाकड्यावरच्या बायका खोळंबल्याल्या. तिच्या डोळ्यात पानी आल्यालं मला दिसलं, म्हनून मीच म्हनलं, "लाव माय. तुझा काय गुन्हा न्हाई. लाव आन पोरीचं फुडं ने."

तिनं लावलं. बटन दाबलं. वळ हिरवी झाली. माझं नाव, माझ्या खाली नातीचं नाव. तिनं टीवी माझ्याकडं वळवला, मी बगितलं. सोताचं नाव असं मोठ्या अक्षरात मी पैल्यांदा बगितलं. बरं वाटाया पायजे व्हतं. पन माझं ध्यान त्या आईच्या रकान्यातच.

निगताना पोरगी म्हनली, "आजी, फळीवर चढू नका." मी म्हनलं, "तुझ्या आईलाबी सांग."

दसऱ्याला कोयत्याला हळदकुकू लावलं. लेकीचा कोयता तुळईला खवल्याला व्हता, त्यालाबी लावलं, पन नेला मालकाचा. दीर ट्रॅक्टरपस्तोर पेटी घिऊन आला. पेटी चढवून देताना म्हनला, "वैनी, मी वाईट म्हनून सांगत नव्हतो." मी म्हनलं, "ठावं हाय मला." त्याच्या आधीच नातीला वसतिगृहात सोडून आले व्हते. तिनं माझ्या पदराचं टोक धरलं व्हतं, लहान व्हती तव्हा धरायची तसं. मंग आतून कुनी पोरगी हाक मारती म्हनून सोडलं आन गेली. वळून बगितलं न्हाई. ते बरं केलं.

मुकादम मोबाईलवर नावं घेत व्हता. माझ्याजवळ आला. "काकू, आर्धा कोयता. तुमच्या नावानं."

"लिव," म्हनलं.

फडात मी खाली बसूनच काम करते. उभं राहिलं की गुडघं दुखत्यात, म्हनून सरकत सरकत मोळ्या बांधते. फोटो काढायला येक मानूस आलता. त्यानं मला कोयता हातात धरून उभं राहा म्हनलं. राहिले. मोबाईल लागला की नात बोलती. जेवन बरं हाय म्हनती, रातीला लाईट असती म्हनती. भाषेत शाळंतले शबूद याया लागलेत.

ट्रॉली भरत्यात तिकडं मी बगत न्हाई. फळीचा आवाज आला की मान खाली घालते.

परवा येका तरन्या सुनंच्या मोळीवर माझी नजर गेली. टोळीतलीच, दुसऱ्या गावची, तीन-चार सालं तोडीला येनारी. ती दोन वाढी येकात येक पिळीत व्हती आन टोक खालच्या अंगानं आत खवीत व्हती. मी सरकत तिच्यापस्तोर गेले.

"पोरी, हे बांधनं तुला कुनी शिकवलं?"

ती घाम पुसत म्हनली, "मी पैल्यांदा आलते तव्हा शेजारच्या फडात येक ताई व्हती, तिनं दावलं. माझी मान सोलून निघायची. ती म्हनली, येळ लागू दे, मान तुझी हाय ना." मंग तिनं माझ्याकडं नीट बगितलं. "तुमच्याच कोयत्यातली व्हती न्हवं ती, आजी?"

मी म्हनलं, "व्हय." आन तिच्यासंगं बसून तिच्यावानीच फुडची मोळी बांधाया घेतली.